उच्च सुस्पष्टता दूरचित्रवाणी

उच्च सुस्पष्टता दूरचित्रवाणी, म्हणजेच हाय-डेफिनिशन टेलिव्हिजन किंवा व्यवहारात एचडी टीव्ही, ही साध्या दूरचित्रवाणीपेक्षा अधिक रेषा व अधिक चित्रबिंदू वापरून चित्र पाठवण्याची आणि दाखवण्याची पद्धती होय. भारतात पूर्वापार वापरात असलेल्या पाल पद्धतीच्या चित्रात ५७६ दृश्य रेषा असतात. उच्च सुस्पष्टता चित्रात त्या ७२० किंवा १,०८० असतात आणि चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ ऐवजी १६:९ असते. २,१६० रेषांच्या चित्राला अतिउच्च सुस्पष्टता किंवा फोर-के म्हणतात.

संच एचडी असणे आणि त्यावर दिसणारे चित्र एचडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेरा, प्रक्षेपण, सेट-टॉप बॉक्स, जोडणीची तार, पडदा आणि शेवटी पाहणाऱ्याचा डोळा अशी ही साखळी आहे. तिच्यातील सर्वांत कच्चा दुवा जेवढे तपशील पुढे जाऊ देतो तेवढेच प्रेक्षकापर्यंत पोहोचतात. घरासाठी संच घेताना होणारे बहुतेक गैरसमज या साखळीतील एकाच दुव्याकडे, म्हणजे पडद्याकडे, पाहिल्यामुळे होतात.

== संज्ञा ==

‘उच्च सुस्पष्टता’ हे विशेषण सापेक्ष आहे. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा त्या सेवेलाही ‘हाय-डेफिनिशन’ म्हटले गेले होते. त्या वेळी बेअर्डच्या पद्धतीत २४० आणि मार्कोनी-ईएमआयच्या पद्धतीत ४०५ रेषा होत्या. त्याआधीच्या ३० रेषांच्या प्रायोगिक चित्रांच्या तुलनेत ते विशेषण अगदी योग्य होते. आज मात्र ७२० रेषांहून कमी रेषांच्या चित्राला हे नाव दिले जात नाही.

दुकानांतील पाट्यांवर तीन नावे प्रामुख्याने आढळतात. ‘एचडी रेडी’ म्हणजे ज्या संचाचा पडदा किमान ७२० रेषांचा आहे आणि जो एचडी संकेत स्वीकारू शकतो असा संच. हे चिन्ह २००५ मध्ये युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने ठरवले. त्याचा मूळ अर्थ ‘एचडी चित्र स्वीकारण्यास सज्ज’ एवढाच होता. भारतात विकल्या जाणाऱ्या ३२ इंची एचडी रेडी संचांपैकी बहुतेकांच्या पडद्यावर १,३६६ × ७६८ चित्रबिंदू असतात. ही संख्या प्रक्षेपणाच्या कोणत्याही प्रमाणाशी जुळत नाही. त्यामुळे अशा संचावर प्रत्येक चित्र, मग ते ७२० रेषांचे असो वा १,०८० रेषांचे, ताणून किंवा आकसून बसवावे लागते. ‘फुल एचडी’ म्हणजे १,९२० × १,०८० आणि ‘फोर-के’ म्हणजे ३,८४० × २,१६० चित्रबिंदू. एकूण संख्येत पाहिले तर पाल पद्धतीच्या अंकीय चित्रात सुमारे ४.१५ लाख, एचडी रेडी पडद्यावर सुमारे १०.५ लाख, फुल एचडीत सुमारे २०.७ लाख आणि फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात.

== इतिहास ==

आधुनिक उच्च सुस्पष्टता दूरचित्रवाणीचा उगम जपानमध्ये झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथील सार्वजनिक प्रक्षेपण संस्था एनएचके हिने ‘पुढील दूरचित्रवाणी कशी असावी’ या प्रश्नावर संशोधन हाती घेतले. या संशोधनाची सुरुवात यंत्रापेक्षा डोळ्यापासून झाली, हे तिचे वैशिष्ट्य होय. पडद्यापासून किती अंतरावर बसले असता रेषा दिसेनाशा होतात, चित्र दृष्टिक्षेत्राचा किती भाग व्यापत असेल तर पाहणाऱ्याला आपण त्या ठिकाणी असल्यासारखे वाटते, याच्या चाचण्या घेण्यात आल्या. त्यांतून १,१२५ एकूण रेषांची आणि रुंद पडद्याची पद्धती निश्चित झाली. तिला पुढे हाय-व्हिजन हे नाव मिळाले.

एवढी माहिती उपग्रहाच्या एका वाहिनीत मावत नसल्यामुळे एनएचकेने म्यूज ही आकुंचनाची पद्धती तयार केली. १९८९ मध्ये जपानमध्ये रोज एक तासाचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. मात्र ही पद्धती मुख्यतः अनुरूप, म्हणजे ॲनालॉग होती, आणि तिचे दुर्दैव तिथेच होते. जपानी पद्धती जागतिक प्रमाण व्हावी हा प्रस्ताव १९८६ मध्ये दुब्रोव्हनिक येथील आंतरराष्ट्रीय बैठकीत युरोपीय देशांच्या विरोधामुळे रखडला. युरोपने स्वतःची एचडी-मॅक ही पद्धती उभी करण्याचा प्रयत्न केला आणि १९९३ मध्ये तो सोडून दिला. दरम्यान १९९० मध्ये अमेरिकेतील जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने पूर्णपणे अंकीय पद्धतीचा प्रस्ताव मांडला, आणि स्पर्धेचे स्वरूपच पालटले. अमेरिकेतील प्रतिस्पर्धी कंपन्या व संस्था १९९३ मध्ये ‘ग्रँड अलायन्स’ या नावाने एकत्र आल्या. तेथील संघीय दूरसंचार आयोगाने डिसेंबर १९९६ मध्ये अंकीय प्रमाण स्वीकारले. अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबले.

१६:९ हे प्रमाणही तडजोडीतून आले आहे. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने निरनिराळ्या प्रमाणांचे आयत एकावर एक ठेवून पाहिले आणि जुन्या दूरचित्रवाणीचे ४:३ व रुंद चित्रपटाचे २.३५:१ या दोहोंना सामावून घेणारा मधला आकार सुचवला. त्यामुळे आजच्या पडद्यावर जुन्या मालिकेच्या डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि रुंद चित्रपटाच्या वर-खाली. या पट्ट्या दोष नव्हेत. त्या घालवण्यासाठी रिमोटवरील आकाराची कळ दाबली की माणसे आडवी फुगतात किंवा त्यांची डोकी कापली जातात.

== भारतातील प्रसार ==

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि रंगीत चित्र १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी आले. क्रीडास्पर्धेच्या निमित्ताने नवे तंत्र आणण्याची ही परंपरा पुढेही चालू राहिली. दूरदर्शनने उच्च सुस्पष्टतेतील प्रक्षेपण ऑक्टोबर २०१० मधील दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी सुरू केले. त्याच सुमारास थेट घरी येणाऱ्या उपग्रह सेवांनी, म्हणजे डीटीएच कंपन्यांनी, एचडी सेट-टॉप बॉक्स विकायला आरंभ केला. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे मराठी घरांत एचडी संच आल्यानंतर कित्येक वर्षे त्यांवर दिसणारी मराठी मालिका मात्र साध्या सुस्पष्टतेचीच होती.

केबलचे अंकीकरण २०११ च्या दुरुस्ती कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने झाले. पहिल्या टप्प्यात २०१२ मध्ये मुंबईसह चार महानगरे होती. अंकीकरण म्हणजे एचडी नव्हे, हा फरक त्या काळात अनेक ग्राहकांच्या लक्षात आला नाही. नव्या बॉक्समुळे चित्रातील ‘मुंग्या’ गेल्या, पण रेषा ५७६ च राहिल्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१९ पासून लागू झालेल्या दररचनेत वाहिन्यांची मोजणी करताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांइतकी धरली गेली, आणि एचडी वाहिनीची किंमतही सहसा साध्या आवृत्तीपेक्षा अधिक असते. दूरदर्शनच्या विनामूल्य डीडी फ्री डिश सेवेवरील वाहिन्या मुख्यतः साध्या सुस्पष्टतेच्या आहेत. केवळ ही सेवा पाहणाऱ्या घरात फोर-के संचाच्या अधिक चित्रबिंदूंचा उपयोग जवळजवळ होत नाही. उलट, लहान चित्र मोठ्या पडद्यावर ताणल्याने त्यातील दोष अधिक उठून दिसतात.

== चित्र कसे पाठवले जाते ==

दूरचित्रवाणीवरील हालचाल ही वेगाने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते. १,०८० रेषांचे चित्र दोन प्रकारे पाठवता येते. १०८०पी या प्रकारात प्रत्येक वेळी सर्व रेषा जातात. १०८०आय या प्रकारात आधी विषम व मग सम अशा ५४० रेषांचे अर्धे चित्र सेकंदाला ५० वेळा पाठवले जाते. या विणलेल्या पद्धतीत माहिती निम्मी लागते, पण चेंडूसारखी वेगाने सरकणारी वस्तू कडांना दातेरी दिसू शकते. भारतातील एचडी वाहिन्या सर्वसाधारणपणे १०८०आय प्रकारच्या आहेत. आजचे सपाट पडदे एका वेळी पूर्ण चित्रच दाखवतात, त्यामुळे दोन अर्धी चित्रे सांधण्याचे काम संचातील प्रक्रियकाला करावे लागते. एकाच आकाराच्या व एकाच चित्रबिंदूसंख्येच्या दोन संचांवर क्रिकेटचा सामना वेगवेगळा दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

सेकंदाला २५ पूर्ण चित्रे आणि दर चित्रबिंदूमागे २४ बिट धरले, तर फुल एचडी चित्राला सेकंदाला सुमारे १.२४ अब्ज बिट लागतील. घरापर्यंत येणारा प्रवाह मात्र सेकंदाला काही दशलक्ष बिटांचाच असतो. मधली घट एमपेग-२, एच.२६४ आणि एचईव्हीसी या आकुंचन पद्धतींनी साधली जाते. पाठोपाठच्या चित्रांत जे बदलत नाही ते पुन्हा पाठवायचे नाही, आणि डोळ्याला सहसा जाणवत नाही ते गाळायचे, हे त्यांचे मूळ तत्त्व आहे. निवेदिका बातम्या वाचत असते तेव्हा हे तत्त्व उत्तम चालते. पाऊस, पाण्याच्या लाटा, उधळलेला गुलाल किंवा प्रेक्षकांनी भरलेले मैदान अशा दृश्यांत प्रत्येक चित्रबिंदू बदलत असतो. तेव्हा प्रवाह अपुरा पडला की चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. हा दोष संचाचा नसतो आणि महाग संचाने तो पूर्णपणे जात नाही.

अंकीय संकेताचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो हळूहळू बिघडत नाही. ॲनालॉग काळात संकेत क्षीण झाला की चित्रावर मुंग्या येत आणि कोणीतरी गच्चीवर जाऊन ॲन्टेना फिरवत असे. चित्र वाईट असले तरी दिसत राही. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहते आणि ती ओलांडली की गोठते किंवा नाहीसे होते. डीटीएच सेवा ज्या केयू पट्ट्यातील लहरी वापरतात त्या मुसळधार पावसात शोषल्या जातात, त्यामुळे कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हा अनुभव नित्याचा आहे.

== अंतर आणि आकार ==

संचाचा आकार पडद्याच्या कर्णावर मोजतात. खोक्यावर तो अनेकदा सेंटिमीटरमध्ये छापलेला असतो. ३२ इंच म्हणजे सुमारे ८१, ४३ इंच म्हणजे सुमारे १०९ आणि ५५ इंच म्हणजे सुमारे १४० सेंटिमीटर. कर्णाच्या आकड्यात थोडासा वाटणारा फरक क्षेत्रफळात मोठा होतो. ४३ इंची पडदा ३२ इंचीपेक्षा सुमारे १.८ पट मोठा असतो. याउलट जुन्या ४:३ पडद्याशी तुलना करताना कर्ण फसवतो. जुन्या २९ इंची नळीच्या संचाचे चित्र उंचीला सुमारे ४१ सेंटिमीटर असे, आणि नव्या ३२ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर भरते. जुना २९ इंची संच देऊन ३२ इंची आणणाऱ्या कुटुंबाला पडद्यावरची माणसे मोठी झालेली दिसत नाहीत, याचे कारण हेच.

किती चित्रबिंदू हवेत, या प्रश्नाचे उत्तर बसण्याच्या अंतरावर अवलंबून आहे. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या ६० व्या भागाएवढ्या कोनातील तपशील वेगळे ओळखू शकतो. यावरून प्रत्येक पडद्यासाठी एक अंतर काढता येते, ज्याच्या पलीकडे दोन शेजारचे चित्रबिंदू एकमेकांत मिसळतात. ३२ इंची एचडी रेडी पडद्यासाठी ते सुमारे १.८ मीटर म्हणजे जवळपास ६ फूट येते. त्याच आकाराच्या फुल एचडीसाठी ते सुमारे १.३ मीटर, म्हणजे सव्वाचार फूट आहे. ४३ इंची फुल एचडीला ते सुमारे १.७ मीटर, तर ५५ इंची फुल एचडीला सुमारे २.२ मीटर भरते. फोर-केसाठी ही अंतरे फुल एचडीच्या निम्मी होतात.

मुंबईतील दहा बाय बारा फुटांच्या खोलीत संच एका भिंतीवर आणि बसण्याची जागा समोरच्या भिंतीला लागून असेल, तर डोळा व पडदा यांत सुमारे ८ फूट, म्हणजे २.४ मीटर अंतर राहते. या अंतरावरून ३२ इंची एचडी रेडी आणि ३२ इंची फुल एचडी यांतील चित्रबिंदूंचा फरक सामान्य डोळ्याला दिसत नाही. ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची फोर-के यांतीलही नाही. तेथे चित्रबिंदूंसाठी मोजलेले जादा पैसे मोठ्या आकारासाठी किंवा चांगल्या प्रतीच्या पडद्यासाठी मोजले असते तर अधिक फळले असते. मात्र ४३ इंच आणि त्यावरच्या आकारांत आता बहुतेक उत्पादक फोर-के संचच काढतात, त्यामुळे ही निवड पुष्कळदा ग्राहकाच्या हाती उरत नाही. संगणकाचा पडदा म्हणून वापर, लहान अक्षरे वाचणे किंवा मुलांनी पडद्यापासून दोन हातांवर बसून खेळ खेळणे अशा वेळी हिशेब बदलतो आणि अधिक चित्रबिंदू उपयोगी ठरतात.

उंचीकडे याहूनही कमी लक्ष दिले जाते. घरातील माणसे जमिनीवर मांडी घालून बसत असतील, तर त्यांचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतात. संच मात्र दाराच्या उंचीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर टांगलेला असतो. मान दुखते हा एक भाग झाला. शिवाय द्रव स्फटिकाचा पडदा खालून तिरका पाहिला तर काळा रंग राखाडी आणि चेहरे फिके दिसतात. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास असावा, ते शक्य नसेल तर खाली झुकणारा टेकू वापरावा.

== पडद्यांचे प्रकार ==

काचेच्या नळीचे संच एचडीच्या प्रसाराबरोबर मागे पडले. प्लाझ्मा पडदे गडद काळ्या रंगासाठी वाखाणले गेले, पण ते जड आणि अधिक वीज खाणारे होते. मोठ्या उत्पादकांनी २०१४ च्या सुमारास त्यांचे उत्पादन थांबवले.

आज विकले जाणारे बहुसंख्य संच एलसीडी, म्हणजे द्रव स्फटिक प्रकारचे आहेत. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात. हा प्रकाश पूर्वी बारीक नळ्यांपासून मिळे, आता तो एलईडी दिव्यांपासून मिळतो. म्हणून ‘एलईडी टीव्ही’ हा वस्तुतः एलईडीचा पार्श्वप्रकाश असलेला एलसीडी संचच असतो. ‘क्यूएलईडी’मध्ये त्याच रचनेत रंग अधिक शुद्ध करणाऱ्या सूक्ष्म कणांचा एक थर असतो, तर ‘मिनी-एलईडी’मध्ये पार्श्वप्रकाशाचे दिवे अधिक लहान व संख्येने अधिक असतात. पार्श्वप्रकाश पडद्याच्या कडेला आहे की मागे सर्वत्र, आणि त्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करता येतात की नाही, यावर रात्रीच्या दृश्यातील काळेपणा ठरतो. ही माहिती जाहिरातीत क्वचितच ठळकपणे असते.

एलसीडी पडद्यांतही आयपीएस व व्हीए असे दोन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग टिकवतो, पण त्याचे प्रकाशभेद गुणोत्तर साधारण १,००० ला १ असते. व्हीए पडद्यात ते ३,००० ला १ किंवा त्याहून अधिक असते, परंतु बाजूला बसलेल्याला चित्र फिके दिसते. लांबट खोलीत सगळे समोर बसत असतील तर व्हीए, आणि स्वयंपाकघर, दार व पलंग अशा तिन्ही बाजूंनी टीव्ही पाहिला जात असेल तर आयपीएस, ही निवड चित्रबिंदूंच्या आकड्यापेक्षा रोजच्या पाहण्यावर जास्त परिणाम करते.

ओएलईडी पडद्यात प्रत्येक चित्रबिंदू स्वतः प्रकाशतो आणि पूर्ण विझू शकतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो व कोणत्याही कोनातून चित्र सारखे राहते. ५५ इंची ओएलईडी संच २०१३ मध्ये बाजारात आले. त्यांचा दोष असा की एकच आकृती दीर्घकाळ एकाच जागी राहिली तर तिचा ठसा पडद्यावर उमटू शकतो. दिवसभर वृत्तवाहिनी चालू असणाऱ्या घरात वाहिनीचे बोधचिन्ह आणि तळाची धावती पट्टी नेमकी अशीच स्थिर असतात.

== उजळपणा आणि रंग ==

चित्रबिंदू वाढवण्याची शर्यत मंदावल्यानंतर उत्पादकांनी विस्तृत प्रकाशभेद, म्हणजे एचडीआर, या गुणावर भर दिला. साध्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात व त्यांतून सुमारे १.६७ कोटी रंगछटा बनतात. १० बिटांच्या चित्रात पायऱ्या १,०२४ आणि छटा सुमारे १०७ कोटी होतात. मावळतीच्या आकाशात दिसणारे रंगांचे पट्टे यामुळे नाहीसे होतात. एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन आणि बीबीसी व एनएचके यांनी मिळून विकसित केलेली एचएलजी या त्याच्या प्रमुख पद्धती आहेत.

स्वस्त संचावरील एचडीआर हे चिन्ह जपून वाचावे लागते. संच तो संकेत स्वीकारतो, एवढेच त्यावरून सिद्ध होते. पडद्याचा कमाल उजळपणा २५० ते ३०० निट असेल, तर दाखवायला लागणारा प्रकाशच त्याच्याकडे नसतो, आणि कधीकधी असे चित्र साध्यापेक्षाही अंधारे दिसते. खिडकीसमोर संच ठेवावा लागणाऱ्या घरात उजळपणा आणि काचेची चकाकी या दोन गोष्टी आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

== जोडणी ==

एचडी चित्र संचापर्यंत नेण्यासाठी एचडीएमआय ही तार वापरतात. तिचे पहिले प्रमाण डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्र व ध्वनी दोन्ही तिच्यातून अंकीय स्वरूपात जातात. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या जुन्या तारांपैकी पिवळीतून केवळ साधे चित्र जाते. एचडी वाहिन्यांचे शुल्क भरूनही बॉक्स या तारेने जोडलेला असल्यामुळे साधेच चित्र पाहणारी घरे दुर्मिळ नाहीत. एचडीएमआय जोडल्यानंतरही बॉक्सच्या मांडणीत चित्राचा प्रकार ५७६ वर राहिलेला असू शकतो. तो १०८०आय करावा लागतो. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा नेण्यासाठी २०१३ चे एचडीएमआय २.० आणि १२० वेळा नेण्यासाठी २०१७ चे २.१ हे प्रमाण लागते. नेहमीच्या लांबीची साधी, प्रमाणित तार पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग तारेने अंकीय चित्र अधिक सुंदर होत नाही.

इंटरनेटवरून पाहताना सेकंदाला ५ मेगाबिटचा प्रवाह धरला, तर एका तासाच्या एचडी कार्यक्रमाला सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती लागते. १५ मेगाबिटच्या फोर-के प्रवाहाला पावणेसात. मोबाइलच्या जोडणीवर टीव्ही चालवणाऱ्या कुटुंबाचा दिवसाचा कोटा एका चित्रपटात संपतो तो यामुळे. काही स्वस्त स्मार्ट संचांना व बॉक्सना चित्रपट-सेवांचे आवश्यक सुरक्षा प्रमाणपत्र नसते. अशा वेळी पडदा फोर-के असूनही सेवा त्यांना केवळ साधे चित्र पाठवते.

== दुकानातील चित्र ==

विक्रीच्या दालनातील प्रकाश घरापेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यात उठून दिसावेत म्हणून संच भडक रंगांच्या मांडणीवर ठेवलेले असतात आणि त्यांवर खास चित्रित केलेली फुले, मासे व शहरे फिरत असतात. त्या चित्रावरून घरातील चित्राचा अंदाज येत नाही. शक्य असेल तर विक्रेत्याला ‘सिनेमा’ किंवा तत्सम मांडणी लावायला सांगून, स्वतःच्या पेनड्राइव्हवरील ओळखीचे दृश्य पाहावे. त्वचेचा रंग, काळ्या केसांतील तपशील आणि मैदानावर सरकणारा कॅमेरा या तीन गोष्टींत बरेच काही कळते. याच दालनात साधी वाहिनीही लावून पाहावी, कारण घरी तीच अधिक वेळ चालणार असते.

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी बनतो. अनेक संच मधली चित्रे स्वतः कल्पून हालचाल गुळगुळीत करतात. खेळासाठी ते बरे वाटते, पण चित्रपट त्यामुळे व्हिडिओवर काढलेल्या मालिकेसारखा दिसतो. ही सोय बंद करता येते, आणि चित्रपट पाहताना ती बंद असणेच योग्य.

जुन्या साहित्याबाबत एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला जुना कृष्णधवल चित्रपट, मूळ प्रत सुस्थितीत असेल तर, पुन्हा टिपून उच्च सुस्पष्टतेत आणता येतो, कारण फिल्ममध्ये तेवढे तपशील असतात. १९७० व १९८० च्या दशकांत व्हिडिओ फितीवर मुद्रित झालेले कार्यक्रम मात्र त्या फितीच्या रेषांपलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ तत्त्वतः त्यानंतर पाच दशकांनी फितीवर उतरलेल्या कार्यक्रमापेक्षा अधिक सुस्पष्ट दिसू शकतो.

== ध्वनी, वीज आणि देखभाल ==

पडदे जितके पातळ झाले तितकी ध्वनिवर्धकासाठी जागा कमी झाली. संवाद अस्पष्ट येतात ही तक्रार, विशेषतः ज्येष्ठांची, यातून निर्माण होते. एआरसी सोय असलेल्या एचडीएमआय जोडणीतून वेगळा साउंडबार लावणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

विजेचा खर्च ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित पट्टीवरून ताडता येतो. ८० वॅटचा संच रोज ५ तास चालला तर महिन्याला १२ युनिट वीज लागते. गडगडाटाच्या वेळी केवळ रिमोटने संच बंद करणे पुरेसे नसते. विजेची आणि डिश किंवा केबलची, दोन्ही तारा काढून ठेवाव्या लागतात. नवा संच नेताना खोके उभेच ठेवावे. आडवे ठेवल्यास काचेला तडा जाऊ शकतो, आणि फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. पडदा बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून घराजवळ अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे की नाही, हे गुढीपाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या सवलतीपेक्षा महत्त्वाचे. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला असून, त्यामुळे ३२ व ४३ इंची संचांतील कराचा भेद संपला आहे.

स्मार्ट संच हा संगणकच असल्यामुळे त्याची प्रणाली पडद्याच्या आधी जुनी होते. काही वर्षांनी नवी ॲप चालेनाशी झाली, तरी पडदा चांगला असल्यास एचडीएमआयला लावायचे छोटे उपकरण घेऊन संच वापरात ठेवता येतो. काही संच पडद्यावर काय पाहिले जाते याची नोंद उत्पादकाकडे पाठवतात. अमेरिकेत २०१७ मध्ये एका उत्पादकाने प्रेक्षकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणी २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. ही सोय बहुधा मांडणीच्या यादीत खोलवर दडलेली असते आणि ती बंद करता येते.

टाकून दिलेल्या संचांची विल्हेवाट हा वेगळा प्रश्न आहे. जुन्या नळीच्या काचेत शिसे असते, तर एलईडीपूर्व एलसीडी संचांच्या दिव्यांत पारा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांनुसार पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. असा संच फोडून तांबे काढणाऱ्याकडे न देता उत्पादकाच्या संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावा लागतो.